उपग्रहाला तुमच्या गावचा ओढा दिसत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला भावकीच्या, गावाच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या अशा तिन्ही ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा : "मॅपला उपग्रहावरून रस्ता थेट दिसतो. चूक झालीच तर एका मीटरची. नेट गेलं तरच तो बंद पडतो. तो दाखवील तोच जवळचा आणि चांगला रस्ता. म्हणून अनोळखी भागात गावकऱ्यांना विचारू नका, ते चुकीचं सांगतात." मृग तोंडावर आलाय, आणि मराठवाड्यात हा मेसेज खरा मानून कुणी गाडी काढली तर ती ओढ्यात जाईल. म्हणून उत्तर देतोय.

पहिली गोष्ट, 'दिसतो' हेच खोटं. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि स्वतःची जागा व अचूक वेळ सांगणारा संदेश पाठवत राहतात. एवढंच त्यांचं काम. गाडीतलं यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश पकडतं, ते पोहोचायला किती वेळ लागला यावरून आपण कुठं आहोत हे काढतं. तुमची गाडी रस्त्यावर आहे की चिखलात, हे उपग्रहाला कळायचा काही मार्गच नाही. स्क्रीनवरचा रस्ता येतो तो वेगळ्याच नकाशातून. तो नकाशा जुन्या छायाचित्रांवरून, सरकारी नोंदींवरून आणि लोकांनी केलेल्या दुरुस्त्यांवरून बनतो. उन्हाळ्यातल्या छायाचित्रात नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) फुगवट्याची जमीन कोरडी दिसते, ऑगस्टात तिथं पाणी असतं.

एका मीटरचा दावाही टिकत नाही. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक पाचेक मीटरची असते, उंच इमारतींत किंवा घाटात ती वाढते. शिवाय यंत्र बाण जवळच्या रस्त्याला चिकटवून दाखवतं, त्यामुळं चूक झाकली जाते. संभाजीनगरात जालना रोडला सेव्हन हिलचा पूल घ्या. पुलावरची गाडी आणि पुलाखालची गाडी नकाशावर एकाच ठिपक्यावर असतात. 'डावीकडे वळा' असं ऐकू येतं तेव्हा तुम्ही वर असता आणि वळण खाली राहतं. समृद्धी महामार्गावर असाच इंटरचेंज चुकला तर मध्ये कुठं वळता येत नाही, थेट पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावं लागतं.

नेटचं तर उलटंच आहे. जागा कळायला नेट लागतच नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर डोंगरातही चालतो. फक्त पुढची वर्दळ आणि बंद रस्ते कळत नाहीत.

आता 'जवळचा आणि चांगला'. इथं मला राग येतो, कारण माणसं इथंच मरतात. नकाशात रस्ता म्हणजे एक रेघ. ती डांबरी आहे, खडीची आहे की पांदण, म्हणजे शेतातली गाडीवाट, हे त्या रेघेवरून कायम कळत नाही. आमच्याकडं पांदणीवर उन्हाळ्यात बोलेरो जाते. पहिल्या दोन पावसांनंतर काळ्या रानातून बैलगाडीही निघत नाही. मॅप मात्र 'चार किलोमीटर वाचतात' म्हणून तिकडंच वळवतो. वर्दळीचा अंदाजही लोकांच्या फोनच्या हालचालीवरून बांधलेला असतो. जिथं तासाला दोन गाड्या जातात, तिथं कुणी गेलं नाही याचा अर्थ रस्ता मोकळा आहे की पूल बुडालाय, हे मॅप कशावरून ठरवणार?

नळकांडी पुलांचं, म्हणजे ओढ्यात पाइप टाकून बांधलेल्या बुटक्या पुलांचं, तर विचारूच नका. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदी कोपली तेव्हा परंडा-भूम भागात रस्तेच पाण्याखाली होते. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात मॅपच्या भरवशावर रात्री निघालेली गाडी बुडालेल्या पुलावरून धरणाच्या पाण्यात गेली, एक जण दगावला. धरणाचं पाणी वाढलं की तो पूल दरवर्षी बुडतो, हे आसपासच्या लोकांना ठाऊक होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये बरेलीजवळ रामगंगेच्या तुटक्या पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले.

नावांचा घोळ वेगळाच. बुद्रुक आणि खुर्द, वाडी आणि तांडा, आणि तालुक्यागणिक एक पिंपळगाव. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली 52 गावं नव्या जागी वसवली. औसा तालुक्यातल्या अशाच एका गावी मी भाचीच्या लग्नाला निघालो होतो. मॅपनं मला 'पोहोचलात' म्हणून जुन्या गावठाणात उतरवलं. ढासळलेल्या भिंती, वेड्या बाभळी, आणि दुसरं काही नाही. माझ्याबरोबर सत्तरीची आई होती. ती गाडीतून उतरली नाही, डोळ्याला पदर लावून बसून राहिली. एक शेळ्या राखणारे आजोबा आले. "नव्या गावाला जायचंय व्हय? मागं वळा, टाकीपासनं उजवीकडं." अक्षता पडायच्या आत पोहोचलो.

त्या मेसेजचा शेवटचा मुद्दा मला म्हणूनच सहन होत नाही. माणूस चुकीचं सांगतो हेही होतं, मी नाकारत नाही. पण त्यालाच उलटा प्रश्न विचारता येतो. मॅप मीही वापरतो, हायवेवर आणि पुण्यात तो फार उपयोगी पडतो. डांबर सोडायची वेळ आली की मात्र मी फाट्यावरच्या टपरीला गाडी थांबवतो आणि दोनच गोष्टी विचारतो : पुढं पुलावर पाणी आहे का, आणि दूधवाला सकाळी कोणत्या रस्त्यानं आला?