पूर अडवायला बांधलेलं तळं भरलं म्हणून नारळ कसले फोडताय?

सकाळपासून सगळ्या ग्रुपांवर तोच फोटो फिरतोय. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावरचा मातीचा बंधारा, काठोकाठ पाणी, ओटी, नारळ, हार. खाली अंगठ्यांचा आणि 'अभिनंदन'चा पाऊस. त्याच पोस्टमधला दुसरा फोटो कुणी नीट बघितलेला दिसत नाही. सगळी मंडळी भरावाच्या पायथ्याला उभी आहेत आणि त्यांच्या पाठीमागे मोरीचा, म्हणजे भरावाच्या पोटातून पाणी खाली सोडणारा पाइप. पाइपाच्या तोंडात विटा रचून वरून गिलावा केलाय! पाणी वाया जाऊ नये म्हणून.

अरे, ते वाया जाणारं पाणी नव्हतं. मोरी उघडी ठेवायची म्हणून तिला गेटच दिलं नव्हतं.

हिशोब करा. ओढ्याचं पाणलोट क्षेत्र ४ चौरस किलोमीटर धरा. परतीच्या पावसात तीन तासांत १०० मिलिमीटर कोसळला, आणि जमीन आधीच भिजलेली असल्यानं निम्मं पाणी वाहून आलं, तर ते होतं २ लाख घनमीटर. बंधारा नसेल तर हे सगळं थेट गावातल्या पेठेत. आता मोरीच्या वर दीड लाख घनमीटर जागा मोकळी असेल आणि मोरी ९०० मिलिमीटरची असेल, तर चार मीटर पाणी चढल्यावरही तिच्यातून सुटतं सेकंदाला साडेतीन घनमीटरच्या आत, म्हणजे १२० क्युसेक. तेवढं ओढा पात्रातून निमूट नेतो. बाकीचं पाणी वर थांबतं आणि पुढच्या दिवसभरात ओसरतं. पुढच्या पावसाला जागा तयार. बंधाऱ्याचं काम एवढंच. भरलेल्या तळ्यात वरून आलेलं पाणी आलं तसं सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून, खाली जातं. मग बंधारा असला काय आणि नसला काय.

हो, माण-खटाव-आटपाडीकडच्या माणसाला 'पाणी सोडा' म्हणणं पाप वाटतं, कबूल आहे. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा परतीचा. पण म्हणूनच असल्या बंधाऱ्यात मोरी तळाला बसवत नाहीत, दीड-दोन मीटर वर बसवतात. तिच्या खालचं पाणी विहिरींना पाझरायला राहतंच. तुमचा वाटा आधीच काढून ठेवला होता की! वरची जागा पुराची. तीही बळकावली.

आणि मोरी बुजवली कुठून, तर खालच्या तोंडाला. याच्याइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. एरवी वाहत्या पाइपात दाब कमी असतो. आता तळ्याचा सगळा दाब पाइपभर, भरावाच्या पोटात. एखादा सांधा पाझरला की पाणी पाइपाच्या कडेकडेनं वाट काढतं आणि माती घेऊन बाहेर पडतं. म्हणून पायथ्याला ओल दिसली तर आधी तिचा रंग बघायचा. नितळ असेल तर लक्ष ठेवायचं, गढूळ असेल तर खालची घरं हलवायची. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर ढकललं होतं. खेकडे आणि घुशी भोकं पाडतात हे खरंय. पण इथं तर माणसांनीच गिलावा केलाय.

त्यात सांडव्यावर दोन फूट पोती. पहिल्या फोटोत डाव्या हाताला दिसतात. सांडव्यावरून वाहायला पाण्याची जाडी निम्मी राहिली तर विसर्ग निम्मा होत नाही, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. उरलेलं पाणी भरावाच्या माथ्यावरून जातं, आणि मातीचा भराव माथ्यावरून पाणी सोसत नाही. खालच्या उतारावरून कापायला सुरुवात होते आणि काही तासांत खिंडार.

राग याचाही येतो की हीच मंडळी सांगलीत 'कोयनेनं आधीच पाणी का सोडलं नाही' म्हणून मोर्च्यात पुढे असतात. बरोबरच आहे ते. ४५ फुटांच्या धोका पातळीवर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी २०१९ ला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, ते कोण विसरेल? कोयनेच्या १०५.२५ टीएमसीत जागा ठेवा, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी खाली ठेवा, हे आपण घसा फोडून सांगतो. मग स्वतःच्या ओढ्याला दुसरा नियम कसा? असल्या बंधाऱ्यानं कृष्णेचा पूर उतरत नाही, हेही मान्य. नदीत लाख क्युसेक असताना दीड लाख घनमीटर म्हणजे एका मिनिटाचंही पाणी नाही. तो पेठेसाठी आहे, सांगलीसाठी नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाहाकार उडवला तो आंबिल ओढ्यानं, मुठा नदीनं नव्हे.

असो. ओरडून झालं. लोकांनी पाण्याच्या आशेनंच केलंय, वाईट हेतू कुणाचा नाही. पण आता कुणी पहार घेऊन त्या विटा फोडायला जाऊ नका, हात जोडतो. चार मीटर पाण्याखाली त्या भिंतीवर अडीच टनांचा रेटा आहे. समोर उभा असलेला माणूस राहणार नाही.

आधी सांडव्यावरची पोती उतरवा, वरच्या थरापासून, कडेला उभं राहून. मग भरावावरून सहा इंची पाइपांचे सायफन टाका, म्हणजे पाण्यानं भरलेले पाइप, जे तळ्यातलं पाणी भरावावरून आपोआप खाली ओढतात. पाइप सहा किलो दाबाचा घ्या, पातळ पाइप माथ्यावर चेपतो. दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह, माथ्यावर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. टीमधून पाइप पाण्यानं पूर्ण भरा, टी बंद करा, मग दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडा. आतलं तोंड निदान मीटरभर पाण्याखाली हवं, नाहीतर हवा ओढून सायफन तुटतो. तीन मीटरच्या फरकाला एक पाइप सेकंदाला चाळीसेक लिटर काढतो. चार पाइप लावले तर दिवसाला १४ हजार घनमीटरच्या जवळ, म्हणजे दीड लाख उतरायला दहा-अकरा दिवस. घाई करू नका. दिवसाला फूटभराहून जास्त उतरवलं तर आतला ओला उतार पिचिंगसकट, म्हणजे वरच्या दगडी अस्तरासकट, घसरतो. पाइपाचं खालचं तोंड पायथ्यावर न सोडता पार ओढ्यात न्या आणि खाली मोठे दगड टाका. पाणी मोरीखाली गेलं की मगच विटा काढा, आणि त्याच दिवशी आतल्या तोंडाला लोखंडी जाळी बसवा. जाळी मोरीच्या तोंडाच्या निदान तिप्पट मोठी हवी. उसाचं पाचट आणि फांद्या अडकून अर्धी जाळी बुजतेच, ती दर पावसानंतर साफ करायला माणूस नेमा आणि त्याला पगार द्या.