अर्ज मागे घेतल्याने जिवाचा धोका टळत नाही

२३ नोव्हेंबर २०२० रोजी वसईच्या एका तरुणीने नालासोपाऱ्यातील तुळींज पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला होता. सोबत राहणारा जोडीदार सहा महिन्यांपासून मारहाण करतो, आज त्याने श्वास कोंडून मला मारण्याचा प्रयत्न केला, ठार मारून तुकडे फेकून देईन अशी धमकी तो देतो, इतके स्पष्ट त्यात लिहिलेले होते. पुढे तिनेच आमच्यात आता वाद नाही असे लिहून दिले आणि अर्ज निकाली निघाला. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला आणि तो उघडकीस यायला नोव्हेंबर उजाडला.

तक्रारदारच मागे हटली तर पोलीस काय करणार, हा युक्तिवाद तेव्हा अनेकांना पटला होता. मला तो मुळीच पटत नाही. जिवे मारण्याचा प्रयत्न हा दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस तपास करू शकतात असा गुन्हा आहे आणि त्यात आपसांत तडजोड करण्याची मुभा कायदा देत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितले आहे. वैवाहिक वादांत आधी प्राथमिक चौकशी करता येते हे खरे; पण ती चौकशी म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढणे नव्हे.

त्याच अर्जात आणखी एक गोष्ट होती. तो मारून टाकील या भीतीने आजवर पोलिसांकडे येण्याचे धाडस झाले नाही, असे तिने लिहिले होते. असा अर्ज देणारी बाई काही आठवड्यांत वाद मिटल्याचे सांगते, तेव्हा हा जबाब ती कोणाच्या दबावाखाली देत आहे, तिला एकटीला बसवून विचारले गेले का, आज रात्री ती कोणाच्या घरी जाणार आहे, हे प्रश्न पोलिसांना पडलेच पाहिजेत.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा विवाहसदृश संबंधांनाही लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी आणि मोफत कायदेविषयक मदत यांची माहिती पीडितेला देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी बाईच्या हाती एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची प्रत पडते आणि ‘घरचं भांडण आहे, घरातच मिटवा’ हा सल्ला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाचा दाखलाही दिला जातो, मात्र तो निकाल सरसकट अटकेला आळा घालतो. तक्रार नोंदवू नका असे तो कुठेही म्हणत नाही.

मनुष्यबळ कमी आहे, बंदोबस्ताचा ताण आहे, हे मान्य. तरीही गळा दाबल्याचा किंवा ठार मारण्याच्या धमकीचा उल्लेख असलेला कोणताही अर्ज केवळ जबाबावर बंद होऊ नये, वरिष्ठ अधिकाऱ्याने कारणे लिहूनच तो बंद करावा, आणि त्यानंतरही काही महिने महिला अंमलदाराने त्या बाईची एकांतात भेट घेत राहावे, असा लेखी आदेश गृह विभागाने राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला द्यावा.