हे जुलाब उन्हाचे समजू नका

‘इम्युनोथेरपीचा त्रास केमोसारखाच, आठवड्याभरात ओसरतो’ हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारे उपचार. मेलानोमासाठी (त्वचेच्या एका कॅन्सरसाठी) निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब ही अशी औषधं असतील, त्यातही जोडीला इपिलिमुमॅब असेल, तर त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो, कधी शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही. औषधाने प्रतिकारशक्तीचा ब्रेक निघतो आणि ती स्वतःच्याच आतड्यावर, यकृतावर, थायरॉइडवर उलटते.

औषधाचं सलाइन लागतं पुण्या-मुंबईत आणि जुलाब सुरू होतात सोलापुरात, ऐन मे महिन्यात. मग ‘पाणी बाधलं’ म्हणून लोपेरामाइडवर (जुलाब थांबवणाऱ्या गोळीवर) दोन-तीन दिवस काढले जातात. जुलाब दबतात, पण आतड्याची सूज वाढतच राहते; फार झालं तर आतड्याला भोकही पडतं. रोजच्यापेक्षा ४ किंवा त्याहून जास्त वेळा जादा जावं लागलं, रक्त किंवा शेम पडली, की त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) फोन करा. शौचाच्या तपासणीत संसर्ग नाही ना हे बघतात आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वजनाच्या किलोमागे रोज साधारण १ ते २ मिलिग्रॅमने सुरू करतात. ३ ते ५ दिवसांत उतार नाही पडला तर इन्फ्लिक्सिमॅब हे सूज रोखणारं दुसरं औषध. बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड एकदम सोडायचं नाही, ४ ते ६ आठवड्यांत हळूहळू उतरवतात. आणि हो, जवळच्या डॉक्टरांना नुसतं ‘केमो चालू आहे’ सांगू नका. औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेली चिठ्ठी दाखवा.