चर्चिल खरंच 'सहावी नापास' आणि 'प्रत्येक निवडणुकीत पराभूत' होते का?

"विन्स्टन चर्चिल सहावीत नापास झाले, पुढे प्रत्येक निवडणूक हरले आणि ६२व्या वर्षी थेट पंतप्रधान झाले." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे.

सहावीत नापास? इंग्लंडच्या त्या शाळांत आपल्यासारखी 'सहावी' नव्हतीच. १८८८ मध्ये हॅरो शाळेत गेल्यावर त्यांना सर्वांत खालच्या वर्गात बसवलं आणि तिथे ते रखडले, एवढं खरं. पण त्याच शाळेत इंग्रज लेखक मेकॉलेच्या काव्याच्या १२०० ओळी तोंडपाठ म्हणून त्यांनी बक्षीस मिळवलं. सँडहर्स्टच्या लष्करी प्रवेशपरीक्षेत मात्र दोनदा अपयश आलं. तिसऱ्यांदा पास झाले, तरी गुण पायदळाला पुरले नाहीत, घोडदळात जागा मिळाली. घोड्यांचा खर्च वाढणार म्हणून वडील संतापले.

हे वडील म्हणजे लॉर्ड रँडॉल्फ, ब्रिटनचे माजी अर्थमंत्री. चर्चिल यांचा जन्म ब्लेनहाइमच्या राजवाड्यात, आजोबा ड्यूक, म्हणजे वरच्या दर्जाचे सरदार. हव्या त्या मोहिमेवर जाता यावं म्हणून आई बड्या लोकांकडे शब्द टाकायची. हा सगळा भाग मजकुरातून गायब आहे आणि मला सर्वांत जास्त हेच खटकतं. मेहनत त्यांनी केलीच. बंगळुरूच्या छावणीत दुपारच्या उकाड्यात इतर अधिकारी झोपायचे, तेव्हा हे इतिहासकार गिबन आणि तत्त्वज्ञ प्लेटो वाचत बसायचे. पण मेहनतीला संधी मिळाली ती घराण्यामुळे.

प्रत्येक निवडणूक हरले? १८९९ मध्ये ओल्डहॅमला पहिला पराभव झाला. त्यानंतर ते दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात वार्ताहर म्हणून गेले, पकडले गेले, प्रिटोरियाच्या कैदेतून निसटले आणि घराघरात पोहोचले. १९०० मध्ये त्याच ओल्डहॅममधून खासदार झाले. १९०८ मध्ये मंत्रिपद मिळाल्यावर तेव्हाच्या नियमानुसार पुन्हा मतदारांसमोर जावं लागलं. मँचेस्टरला हरले, पण काही आठवड्यांतच डंडीतून निवडून आले. १९२२ ते १९२४ हा काळ खरा पडझडीचा: लागोपाठ तीन पराभव, त्यातला वेस्टमिन्स्टरचा अवघ्या ४३ मतांनी. मग एपिंगमधून जिंकले आणि थेट अर्थमंत्री झाले.

६२व्या वर्षी थेट पंतप्रधान? १० मे १९४० रोजी त्यांचं वय ६५ होतं. तोवर गृह, नौदल, युद्ध, वसाहती, अर्थ अशी खाती सांभाळून झाली होती. शिवाय ते पद निवडणूक जिंकून मिळालंच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीविरुद्धची नॉर्वेची मोहीम फसली, संसदेत तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन यांचं मताधिक्य २००च्या वरून ८१ वर आलं, मजूर पक्षाने त्यांच्या हाताखाली काम करायला नकार दिला आणि पदाचे दुसरे दावेदार, परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स मागे सरले. मग राजाने चर्चिलना बोलावलं.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला पराभव यानंतरचा आहे. जुलै १९४५ मध्ये, जर्मनी शरण आल्यावर, मतदारांनी त्यांच्या पक्षाला सत्तेवरून खाली खेचलं. स्वतः चर्चिल मात्र तेव्हाही वुडफर्डमधून निवडून आले होते.