बँकेत ब्लॉकचेन कशासाठी हवी, हे आधी ठरवले पाहिजे

एका मोठ्या बँकेच्या व्यापार-वित्त विभागासाठी मी ब्लॉकचेनचे सॉफ्टवेअर लिहितो. गोव्यात हे कोणाला कळले की पहिला प्रश्न बिटकॉइनचा येतो. बँका वापरतात त्या हायपरलेजर फॅब्रिक किंवा कॉर्डासारख्या प्रणालींत मायनिंग, म्हणजे संगणकांच्या जोरावर नवी डिजिटल नाणी मिळवणे, नसते आणि बिटकॉइनसारख्या नाण्याचीही गरज नसते. सहभागी संस्था ओळखीच्या असतात आणि प्रत्येकीकडे स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र असते. एकच व्यवहार चार संस्थांनी आपापल्या वह्यांत लिहायचा आणि मग ताळमेळ जुळवत बसायचे, यापेक्षा सर्वांनी मान्य केलेली आणि मागाहून पुसता न येणारी एक सामाईक नोंद असावी, एवढाच त्यामागचा हेतू असतो.

मुरगाव बंदरातून लोहखनिज परदेशी निघते तेव्हा निर्यातदार, दोन्हीकडच्या बँका, जहाज कंपनी आणि विमा कंपनी असे अनेकजण त्याच मालाचे कागद स्वतंत्रपणे तपासतात, आणि लेटर ऑफ क्रेडिट (आयातदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी) व बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती) यांच्या मजकुरात किरकोळ तफावत आढळली तरी पैसे अडकू शकतात. अशा ठिकाणी सामाईक नोंदवही खरोखर उपयोगी आहे. मे २०१८ मध्ये एचएसबीसी आणि आयएनजी या बँकांनी अर्जेंटिनाहून मलेशियाला जाणाऱ्या सोयाबीनच्या खेपेचे लेटर ऑफ क्रेडिट कॉर्डावर पार पाडले, आणि एरवी पाच ते दहा दिवस घेणारी कागदांची देवाणघेवाण २४ तासांत झाली. तरीही युरोपीय बँकांचे वी-ट्रेड हे व्यापार-वित्ताचे ब्लॉकचेन व्यासपीठ २०२२ मध्ये बंद पडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जहाज कंपनी मर्स्क व आयबीएम यांनी मालवाहतुकीच्या कागदांसाठीचे ट्रेडलेन्स हे ब्लॉकचेन व्यासपीठ गुंडाळत असल्याचे जाहीर केले. ट्रेडलेन्सचे सॉफ्टवेअर चालत होते. संपूर्ण उद्योगाचे सहकार्य मात्र मिळाले नाही.

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की बँकेतील ब्लॉकचेन अभियंत्याने कोड लिहिण्यापूर्वी या नोंदवहीत नेमके कोण लिहिणार, हे विचारले पाहिजे. लिहिणारी एकटी आपली बँकच असेल तर साधा डेटाबेस अधिक वेगवान, अधिक स्वस्त आणि सांभाळायला सोपा असतो, आणि हे वरिष्ठांना सांगणे हा आमच्या कामाचाच भाग आहे.

पंजाब नॅशनल बँकेतील घोटाळा २०१८ मध्ये उघडकीस आला तेव्हा ‘ब्लॉकचेन असती तर हे घडलेच नसते’ असे अनेकांनी लिहिले होते. मला ते पटत नाही. तेथे हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून परदेशी बँकांना जात होते आणि बँकेच्या स्वतःच्या कोअर बँकिंग प्रणालीत, म्हणजे तिच्या मुख्य हिशेबात, त्यांची नोंदच होत नव्हती. एकाच बँकेतील दोन प्रणाली एकमेकींशी जोडणे हा त्यावरचा उपाय होता, आणि रिझर्व्ह बँकेने तेच करायला लावले.

याहून मोठी अडचण नोंदीच्या खरेपणाची आहे. खनिजात लोहाचे प्रमाण किती, हे प्रयोगशाळा ठरवते. तिने चुकीचा आकडा दिला तर ब्लॉकचेन तोच आकडा जसाच्या तसा जपून ठेवील, वर त्याला सर्व पक्षांच्या संमतीचा शिक्काही मिळेल.

गोव्याच्या जमिनीचे दस्तऐवज ब्लॉकचेनवर टाकावेत, ही सूचना मी वारंवार ऐकतो. जमीन तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकांनाही ती आकर्षक वाटते. बनावट कागदपत्रांच्या आधारे बळकावलेल्या जमिनींच्या तपासासाठी राज्य सरकारला जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले, हे आपण सर्व जाणतो. खोट्या विक्रीपत्रावरून १/१४ च्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या सरकारी नोंदीवर, चढलेले नाव आज निदान दुरुस्त तरी करता येते. तेच नाव न पुसता येणाऱ्या नोंदीत गेले तर मूळ मालकाचा झगडा अधिकच कठीण होईल, आणि तो मूळ मालक बहुतेकदा परदेशी असतो किंवा हयात नसतो. पोर्तुगीज काळातील दस्तऐवजांची मूळ प्रतींशी पडताळणी पूर्ण झाली, तर उपनिबंधक, महसूल खाते आणि बँका यांची सामाईक नोंदवही उभारण्याच्या कामात मी आनंदाने सहभागी होईन. त्याआधी तसा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला, तर मी त्याला लेखी विरोध नोंदवीन.