‘असू दे’चं वजन

‘असू दे की, लागतंय’ या वाक्याचं वजन सव्वादोन किलो भरतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून सांगतो. स्टीलची पाण्याची बाटली, रिकामी, ३५० ग्रॅम. टर्किश टॉवेल ४५०. जादाची जीन ६००. तीन सेलची बॅटरी ४००. आणि ‘तेवढंच पायाला बरं’ म्हणून घातलेली स्लिपर ४५०. ट्रेकला निघताना यातली एकही वस्तू मी पिशवीत घालत नाही. मी पाठ फिरवली की त्या आपोआप शिरतात. बेळगावात माणूस एका रात्रीसाठी महिपालगडावर निघाला तरी घरचे त्याला काशीयात्रेची शिदोरी बांधून देतात. देवरवाडीच्या वैजनाथापर्यंत गाडी जाते, हे सांगून उपयोग नसतो. उलट मग ‘गाडी जातेच तर घोंगडं पण घे’ असं ठरतं.

म्हणून हलक्या ट्रेकिंगची पहिली पायरी दुकानात नसते, वजनकाट्यावर असते. ५ किलोपर्यंत ग्रॅमवारी मोजणारा काटा आणा आणि हरेक वस्तूचं वजन वहीत लिहा. खाणं, पाणी आणि इंधन वगळून जे उरतं त्याला या पंथात ‘बेस वेट’ म्हणतात. ९ किलोच्या आत आलात तर तुम्ही हलके, साडेचारच्या आत आलात तर अतिहलके. पंथाचे काही लोक टूथब्रशची दांडी कापतात. दांडीचे ४ ग्रॅम वाचतात, पण पोटावरचे ४ किलो तसेच गडावर येतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही. मीही बोलत नाही.

नवा माणूस सगळ्यात आधी पिशवी घेतो, तीही ६० लिटरची, आणि तिथंच फसतो. रिकामी जागा आमच्याकडच्या माणसाला बघवत नाही. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो, तसं पिशवीत काहीतरी बसतंच. पिशवी सगळ्यात शेवटी घ्या. आधी पांघरूण, छप्पर आणि अंथरूण ठरवा, त्यांचा ढीग करा आणि त्या ढिगाच्या मापाची पिशवी घ्या. ३५ ते ४० लिटर पुष्कळ झाले. एकूण ओझं ८ किलोच्या आत असेल तर पिशवीला आतून सांगाडाही लागत नाही. फोमच्या चटईची घडी पाठीच्या बाजूला सरकवली की तोच कणा होतो.

चटई म्हणजे योगासनांची नव्हे. ती पीव्हीसीची असते, सहज किलोभर भरते आणि भिजली की म्हशीसारखी अंगावर येते. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात फोमची शीट फुटावर मिळते. ती १० मिलिमीटर जाडीची घ्या आणि खांद्यापासून कमरेच्या खालपर्यंत, साधारण १०५ सेंटिमीटर, कापा. पायाखाली रिकामी पिशवी घालायची. ‘पाय उघडे राहणार की!’ असा आवाज आतल्या खोलीतून येईल. पाय पांघरुणात असतात, अंथरुणात नसतात, हे शांतपणे सांगा.

पांघरुणाचा प्रश्न भावनिक आहे. वाकळीला नाही म्हणणं म्हणजे आजीला नाही म्हणणं. पण जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली वाकळ अडीच-तीन किलोच्या खाली येत नाही आणि दव पिऊन पहाटेपर्यंत आणखी जड होते. त्याऐवजी घरीच क्विल्ट, म्हणजे हलकी रजई, शिवावी. २ मीटर लांब, १.३५ मीटर रुंद. आत २०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम) पॉलिएस्टर वॅडिंग, कापसासारखं भरण, बाहेरून दोन्ही बाजूंना पातळ नायलॉन. हिशेब सोपा आहे: २.७ चौरस मीटर गुणिले २०० म्हणजे ५४० ग्रॅम भरण, कापडाचे २७०, सगळं मिळून ८१०. स्लीपिंग बॅगसारखी अंगाखाली येणारी बाजू हिला मुद्दामच नसते. अंगाखाली दबलेलं भरण ऊब देत नाही, नुसतं वजन देतं. मात्र वाकळीसारखे जवळजवळ धावदोरे घालू नका. प्रत्येक टाक्याच्या रेषेवर भरण चपटं होतं आणि तिथून थंडी आत येते. दर ३५-४० सेंटिमीटरवर एक गाठ मारा, पुरे. डिसेंबरातल्या आमच्या थंडीला कानटोपी आणि स्वेटरसकट हे भागतं. काश्मीरला जाणार असाल तर वाकळच न्या.

छपराची गोष्ट थेट टेलर मास्तरांपर्यंत जाते. तंबू घेऊ नका, ताडपत्रीच्या धर्तीवर टार्प शिवा. बाजारातली निळी ताडपत्री स्वस्त असते खरं, पण २०० जीएसएमची ८-९ चौरस मीटर म्हणजे पावणेदोन किलो झाली. आपल्याला ४५ जीएसएमचं कोटिंग केलेलं रिपस्टॉप, म्हणजे फाट पुढं सरकू न देणाऱ्या विणीचं, नायलॉन हवं. दुकानात हे नाव घेतलं तर दुकानदार तुमच्याकडं परप्रांतीयासारखं बघतो. ‘पॅराशूट कापड’ म्हणा, लगेच काढून दाखवेल. ५८ इंच पन्ह्याचं ६ मीटर आणि ठिगळांसाठी वर वीतभर घ्यायचं. कापडाला ओठ लावून जोरात फुंकर मारा. हवा पार गेली तर पाणीही जाणार. दुकानात सहा लोक बघत असतात, तरीही मारा.

मास्तर पहिला प्रश्न विचारतात, ‘माप कुणाचं?’ दुसरा, ‘बाही?’ तिसऱ्या प्रश्नाआधीच कागदावर काढून दाखवा: ३ मीटरचे दोन तुकडे, लांबीला लांबी जोडून मध्ये कणा, तयार छप्पर साधारण ३ बाय २.९ मीटर, वजन ४०० ग्रॅमच्या आत. शिलाई जीन पँटच्या पायाला असते तशी घालायची, दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुहेरी. तिची घडी उताराकडं तोंड करून बसली पाहिजे, नाहीतर त्या खाचेत पाणी साठतं आणि रात्री दोन वाजता बरोबर कपाळावर टपकतं. सुई ११ नंबरची. मास्तरांच्या मशीनला १६ची लावलेली असते आणि ती बदलायला ते तयार नसतात, कारण ‘बारा वर्षं हीच चालतीया’. १६ची सुई या कापडात खिळ्याएवढी भोकं पाडते. धागा पॉलिएस्टरचा हवा, सुती धागा ओल धरतो आणि कुजतो. टाका ३ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाका मजबूत असतो असं मास्तर म्हणतील, पण पातळ कापडावर बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड, ओढली की त्याच रेषेवर फाटते. टाचण्या तर लावूच देऊ नका. त्यांची भोकं बुजत नाहीत. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. चार कोपऱ्यांवर आणि कण्याच्या दोन टोकांवर त्याच कापडाचे तळहाताएवढे दुहेरी तुकडे लावून त्यावर बॅगेच्या पट्टीचे बंद शिवायचे. सगळा ताण तिथं येतो.

शिवून झालं म्हणजे झालं नाही. शिलाईतून पाणी येणारच. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन एक भाग आणि मिनरल टर्पेंटाइन दोन ते तीन भाग, जुन्या डब्यात ढवळा. ताकापेक्षा दाट, मधापेक्षा पातळ झालं की ब्रशनं शिलाईवर बाहेरून फासा आणि २४ तास उघड्यावर वाळू द्या. मग वरून टाल्कम पावडर लावा, नाहीतर घडी घातलेलं छप्पर चिकटून एकच लाडू होतो. घरातली पावडर कुणी संपवली, या चौकशीला तयार राहा.

खुंट्यांबद्दल पुस्तकी ज्ञान आमच्याकडं चालत नाही. सायकलच्या स्पोकची खुंटी ६-७ ग्रॅमची, दिसायला झकास. पण जांबोटीच्या पुढं कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूला सड्यावर जांभा दगड असतो. त्यात स्पोक शिरत नाही, वाकतो. पावसाळ्यात खालच्या तांबड्या मातीत शिरतो, पण लोण्यात शिरावा तसा, आणि तितक्याच प्रेमानं बाहेर येतो. म्हणून प्रत्येक बंदाला दीड मीटर दोरी ठेवा आणि डोक्याएवढ्या दगडाला बांधा. दगड पाठीवर न्यायला लागत नाहीत. (घरी हे सांगू नका. कुणीतरी दगडही बांधून देईल.)

आता चूल. हलक्या पंथाची शान म्हणजे थंड पेयाच्या दोन रिकाम्या कॅनची स्पिरिटची चूल. वजन १०-१५ ग्रॅम, खर्च भंगारवाल्याच्या मर्जीवर. एका कॅनचं बूड ४ सेंटिमीटर उंचीवर कापा, दुसऱ्याचं ३ वर. दुसऱ्याच्या बुडातली वाटीसारखी मधली खळगी कापून मोकळी करा आणि तिच्याभोवतीच्या कडेवर टाचणीनं सारख्या अंतरावर १६ भोकं पाडा. उरलेल्या पत्र्याची पट्टी गोल वळवून आतली भिंत करा. तिच्या खालच्या कडेला तीन खाचा ठेवायच्या, स्पिरिट मधल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत जायला. मग एक बूड दुसऱ्यात दाबून बसवा. इथं दहातले सात जण पत्रा फाडतात. आतल्या बुडाच्या कडेला बोटभर अंतरावर उभ्या चिरा द्या, फाटत नाही. हातमोजे घाला. कॅनचा पत्रा ब्लेडसारखा असतो, आणि ‘चूल करताना हात कापला’ असं सांगितलं की दवाखान्यात वेगळेच प्रश्न येतात.

मधोमध २५ मिलिलिटर स्पिरिट ओतून पेटवायचं. आधी नुसतं मध्येच जळतं, अर्ध्या-एक मिनिटानं बाहेरची खोली तापते आणि कडेच्या भोकांतून ज्योतीचं फूल उमलतं. ते उमलल्यावरच टोप ठेवा. घाई केली तर थंड टोप चुलीची ऊब खातो आणि फूल विझतं. टोप आणि चूल यांत अडीच-तीन सेंटिमीटर अंतर हवं, त्यासाठी बारीक तारेच्या जाळीची पट्टी गोल वळवून उभी करा. अर्धा लिटर पाणी उकळायला कागदावर ७-८ मिलिलिटर स्पिरिट पुरतं. प्रत्यक्षात वाऱ्याचा वाटा धरून २० ते २५ लागतं. वाऱ्याच्या आडोशाला बेकरीचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे कापून टोपाभोवती उभा करा. बोटाएवढी फट ठेवा, खालून हवेला भोकं ठेवा. आडोसा नसेल तर ५० मिलिलिटरमध्येही पाणी नुसतं कोमट होतं आणि स्वयंपाक्याची उकळी आधी फुटते.

इथं दोन गोष्टींत विनोद नाही. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली असं वाटून वरून बाटली ओतली की भडका थेट बाटलीत शिरतो. चूल गार झाल्यावरच पुन्हा भरा, आणि छपराखाली पेटवू नका. दुसरं, पॉलिशच्या कामाचं स्पिरिट विष आहे. पाण्याच्या बाटलीत कधीच भरायचं नाही. वेगळ्या आकाराची बाटली, वर लाल पट्टी, ठळक अक्षरात ‘विष’. गोव्याकडून चोर्ल्यानं परतताना नाक्यावर दारू तपासायला बाटलीचा वास घेणारा भेटला, तर त्यालाही तीच पट्टी दाखवा. आणि भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊलच टाकायचं नाही. परवानगी मिळाली तरी चूल घरी.

चूल घरी राहिली तरी जेवण अडत नाही, कारण हलक्या जेवणाचा शोध इथल्या बायकांनी कधीच लावून ठेवलाय. कडक भाकरी! पापडासारखी पातळ, पाणी जवळजवळ नाहीच, महिनाभर टिकते. १०० ग्रॅममागं साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि कारळाची चटणी. शेंगदाणे १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर, तूप नऊशे. दिवसाला ६०० ते ६५० ग्रॅम कोरडा शिधा आणि अडीच-तीन हजार कॅलरी हे गणित जुळवायला परदेशी पाकीट कशाला? भाकरी पिशवीत मोडते, एवढीच तक्रार. मोडू दे, चुरा गरम आमटीत छान लागतो.

गरम हवंच असेल तर उप्पीट. ८० ग्रॅम रवा घरीच चमचाभर तेलाच्या फोडणीत खमंग भाजून घ्यायचा, कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्यायचा, मीठ-साखर घालून गार झाल्यावर पिशवीत भरायचा. गरम भरला तर आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी गोळा निघतो. गडावर २४० मिलिलिटर उकळतं पाणी ओता, ढवळा, झाका, १० मिनिटं थांबा. गाडीच्या काचेला लावतात तो चंदेरी पडदा टोपाच्या मापानं कापून, चिकटपट्टीनं डगला करून टोपाला घातला की इंधन न जाळता उप्पीट मुरतं. भातही असाच: शिजवलेला भात मोकळा करून कापडावर पातळ पसरा, मेच्या उन्हात दोन दिवस, ३०० ग्रॅमचा १०० होतो. त्यात तेल-तूप आधी घालू नका. चरबी वाळत नाही, खवट होते. तूप वेगळ्या डबीत. गच्चीवर सांडगे आणि कुरडया वाळत असतातच, त्यांच्या शेजारी जागा मागा. कावळे दोघांनाही सारखेच मानतात.

जळवांसाठी पावसाळ्यात निपाणीच्या तंबाखूचं पाणी मोज्यांना लावणारे पुष्कळ आहेत. पहिल्या ओढ्यापर्यंत काम करतं. त्यापेक्षा दाट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे मास्तरांकडूनच शिवून घ्या. ते विचारतील, ‘माप कुणाचं?’ या वेळी प्रश्न बरोबर आहे.

एवढं सगळं केल्यावर वही उघडून बेरीज मारा. छप्पर दोरीसकट ४५०, क्विल्ट ८१०, चटई ३००, पिशवी ४५०, खाली अंथरायचं प्लास्टिक १५०, टोप-चूल-आडोसा २००, पावसाचा डगला ३००, कपडे ७००, बॅटरी आणि पॉवर बँक ३५०, औषधं आणि सुईदोरा २००, दोन प्लास्टिकच्या बाटल्या ६०. एकूण ३ किलो ९७० ग्रॅम. साडेचारच्या आत. पिशवी एका बोटावर उचलून दाखवता येते आणि मी ती दाखवतोच.

मग मी बाहेर चपला घालेपर्यंत पिशवीचा बंद पुन्हा कुणीतरी सोडतं. परत उचलली की बोट वाकतं. आत अर्धा किलो कुंद्याचा डबा असतो. मी आता काढत नाही. कुंदा खाण्यात धरतात आणि खाणं बेस वेटमध्ये मोजत नाहीत. वहीतला आकडा तसाच राहतो.