न बोलता चाललेली मैत्री चित्रात

मुलांच्या चित्रपुस्तकांवरच्या एका लेखात म्हटलंय की प्राण्यांच्या मैत्रीच्या गोष्टीतसुद्धा एखादं संकट हवंच, नाहीतर मुलं पान उलटत नाहीत. मला हे अजिबात पटलं नाही. मी स्वतः अशी चित्रं काढते, मुलांना वाचूनही दाखवते, आणि मुलं बघत बसतात ते भलतंच काहीतरी, म्हणजे कासव दगडावर ऊन खात बसलंय, ससा शेजारी लवंडलाय, तर सशाचा एक कान कासवाच्या पाठीवर पडलाय हे त्यांना बरोब्बर दिसतं, मोठ्यांना नाही. मजकुरात फक्त "आज ऊन छान होतं" एवढंच. मैत्री शब्दात सांगून टाकली की चित्राला कामच उरत नाही ना.

खरी मेहनत आहे ती दोघांमधल्या अंतराची. चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं कारण छपाईचा कागद घडी घालून १६-१६ पानांचे फर्मे, म्हणजे जुडगे, होतात, त्यातून शीर्षक वगैरे गेलं की हातात जेमतेम १२-१४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) उरतात, तेवढ्यात दोघांना दोन टोकांवरून हळूहळू जवळ आणायचं, म्हणून आधी सगळं छोट्या चौकटीत पेन्सिलीने मांडून बघावंच लागतं. आणि डोळे! सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मान न वळवताही त्याला शेजारचा दिसतो, हे वापरा की. प्लीज त्यांना माणसासारखं हसवू नका, कान आणि मानेचा कल पुरतो.